गुडघाभर पाण्यात

मंगे, कावळा शिवला. आणि काय घाईनं शिवला! भटजींनी बेलापूरला प्रवरेच्या घाटावर पिंड मांडला, दोन पावलं मागं सरले, धोतराचा सोगा सावरतायत तोवर समोरच्या बाभळीवरनं एक कावळा उतरला आणि त्यानं सरळ भातात चोच घातली. तुझे अण्णा हात जोडून, डोळे मिटून उभेच. तुझी कुठली इच्छा राहिली असेल, काय वचन दिलं म्हणजे कावळा येईल, याची दोन दिवस तुमच्या घरात चर्चा चालली होती. वहिनी म्हणत होत्या, पोरींच्या शिक्षणाचं बोला. चुलते म्हणत होते, शाळेला तिच्या नावानं कपाट देऊ म्हणा. सगळे आपापलं वचन घेऊन रांगेत उभे, आणि तू एकालाही तोंड उघडू दिलं नाहीस. अण्णांनी डोळे उघडले तेव्हा निम्मा भात संपला होता.

"हिचं काई ऱ्हायलंच न्हाई बघा," तुमच्या गल्लीतली म्हातारी सखूबाई बोलली. "लई भरून पावली पोरगी."

लोक रडता रडता हसले. दहाव्याला हसू फुटलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. मला मात्र तुझा असा राग आला म्हणून सांगू! कारण त्या रांगेत मीही होते. माझ्याजवळ वचन नव्हतं, कबुली होती. तेरा वर्षं पोटात ठेवलेली. कावळा अडला की सगळ्यांच्या देखत मोठ्यानं बोलून टाकायचं, असं घरून ठरवून आले होते. तू अडलीच नाहीस. म्हणून आता इथं बोलते, आणि तुला ऐकावंच लागेल.

आठवतं का, सगळं सुरू झालं ते शेंगदाण्याच्या चटणीपासून. श्रीरामपूरच्या आपल्या हायस्कुलात तू गणित शिकवायचीस, मी विज्ञान. मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या कोपऱ्यातलं बाक आपलं. डब्याखाली पेपर अंथरलेला, त्यावर माझ्या चटणीचं तेल सांडलं, आणि तेल टिपता टिपता तू जाहिरात वाचलीस. मालदीवमध्ये गणित-विज्ञानाचे शिक्षक पाहिजेत. "शोभे, हे कुठं आलं गं?" आपण भूगोलाच्या सरांचा नकाशा उघडला. श्रीलंकेच्या डाव्या हाताला मोहरी सांडावी तसे ठिपके. मी म्हटलं, अगं बाई, ह्याच्यावर माणूस उभा तरी राहील का? तू म्हणालीस, "आपण दोघी बारीक हाय. मावू."

आपण अर्ज केले. पुण्याला एसटीनं मुलाखतीला गेलो. मी तीन मिनिटांचं इंग्रजी भाषण पाठ करून नेलं होतं आणि ते न अडखळता म्हणून दाखवलं. तुला विचारलं, तिकडं का यायचंय? तू म्हणालीस, मी अडतीस वर्षांची आहे आणि अजून समुद्र पाहिलेला नाही. बाहेर येऊन मी तुझ्यावर चिडले, हे काय उत्तर झालं? दोघींची निवड झाली. मेन रोडवर जाऊन आपण एकसारख्या दोन निळ्या सूटकेसी घेतल्या, चाकांच्या. दुकानापासून स्टँडपर्यंत तू तुझी रिकामी सूटकेस ओढत नेलीस आणि तिचा खडखडाट ऐकून रस्त्यावरची माणसं वळून बघत होती.

आणि नेमणुकीचे कागद सही करून द्यायच्या आदल्या आठवड्यात मी तुला स्टँडवर सांगितलं, "माझं जमत नाही गं. हे नाही म्हणतात."

मंगे, ते खोटं होतं. ह्यांनी कधीच नाही म्हटलं नव्हतं. म्हणतील कसे? मी विचारलंच नव्हतं. मला भीती वाटली, एवढंच. विमानाची, इंग्रजीची, आणि सगळ्यात जास्त त्या पाण्याची. चहूकडून पाणी आणि मध्ये मी, हे डोळ्यांपुढं आलं की रात्री उठून दिवा लावून बसायचे. पण भीती वाटते असं तुझ्यापुढं म्हणायची लाज वाटली, आणि नवऱ्याचं नाव घेतलं की कुणी पुढं काही विचारत नाही. बायकांना हे फार सोपं पडतं.

तू मात्र विचारायला गेलीस! स्टँडवरून तडक ह्यांच्या मोटार रिवायंडिंगच्या दुकानात. गिऱ्हाइकांसमोर सुनावलंस, "दाजी, एवढी हुशार बायको घरात डांबून ठेवता, शोभतं का तुमाला?" हे तांब्याची तार गुंडाळत बसले होते. त्यांनी मान वर केली, सगळं ऐकून घेतलं आणि परत खाली घातली. घरी आले, जेवले, टीव्ही पाहिला. मला एका शब्दानं विचारलं नाही. मला वाटलं, सुटले. गिऱ्हाइकाच्या घाईत त्यांना काही कळलंच नसेल.

तू एकटी गेलीस. गावानं तोंडात बोटं घातली. लग्न करून दोन वर्षांत परत आलेली पोरगी, तिला गाव 'टाकलेली' म्हणायचं. "मी टाकून आलेय, नीट बोला," असं तू चावडीवर ठणकावलं होतंस, त्याचीच अजून चर्चा चालू होती. आणि आता ही विमानात बसणार! अण्णा तुला सोडायला मुंबईला आले. मी सोडायला आले नाही. शाळेत परीक्षा होती असं सांगितलं. तेही खोटंच होतं.

मग तुझे शनिवार सुरू झाले. तुमची सुट्टी शुक्रवार-शनिवार, आमची शनिवारी सकाळची शाळा. मी दुपारी घरी येऊन भाकरी थापायला बसायचे आणि ओट्यावरच्या मोबाईलमधून तू आदल्या दिवशी बोटीतून रेकॉर्ड करून पाठवलेला निरोप ऐकायचे. "ऐक गं." मागं वारा, बोटीच्या इंजिनाची फटफट. शुक्रवारी तिकडं सरकारी बोट बंद, म्हणून कुठल्यातरी विद्यार्थ्याच्या बापाच्या मासेमारीच्या बोटीत बसून तू शेजारच्या बेटावर निघालेली असायचीस. त्या बोटीला धोनी म्हणतात हे कळल्यावर आमच्या स्टाफरूममध्ये काय हशा पिकला होता! एका बेटावर नारळाच्या झाडांखाली बोटी बांधतात, नुसता अंदाजावर, कागदावर रेघ न मारता. तिथल्या म्हाताऱ्या सुताराशी तू काटकोनावरून तासभर वाद घातलास आणि हरलीस. एका बेटावर एका आजीनं तुला मासा आणि ओलं खोबरं कालवून पोळीबरोबर खायला घातलं. तू म्हणालीस, "शोभे, आपण दाण्याचं कूट घालतो ना, तसं हे लोक सुक्या माशाचं घालतात. सगळ्यात. माझी तर हरकत न्हाई." एका बेटावर माणूसच नव्हता. तिथं तू एकटी बसून एकोणतीसचा पाढा मोठ्यानं म्हटलास, कारण लहानपणी तो येत नाही म्हणून मार खाल्ला होता आणि आता चुकला तरी ऐकायला कुणी नव्हतं.

चुकला का गं? ते तू सांगितलंच नाहीस.

आणि प्रत्येक निरोपाच्या शेवटी, "बोटीत शेजारची जागा रिकामी हाय." मी उत्तर काय द्यायचे? छान, मजा कर, काळजी घे. पिठाच्या बोटानं अंगठा दाखवायचा आणि तवा तापला की उठायचं. पण मंगे, खरं सांगते, आठवड्याचे सहा दिवस मी त्या शनिवारची वाट बघत असायचे.

पोहायचा किस्सा तर मी आजवर शंभर जणांना सांगितला असेल. तुमच्या मळ्यातल्या विहिरीत गल्लीतली सगळी पोरं पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकली. पोरींना काठावर सुद्धा येऊ द्यायचे नाहीत. ती जळजळ तू मालदीवला घेऊन गेलीस. पहिल्या वर्षीच्या एका शुक्रवारी तुझ्या वर्गातल्या पोरींनी समुद्रात उतरायला बोलावलं, तर तू म्हणालीस, थांबा, आमच्याकडं एक पद्धत आहे. तेलाचा रिकामा कॅन शोधलास, ओढणीनं पाठीला करकचून बांधलास, पंजाबी ड्रेसवर, आणि पाण्यात झेप घेतलीस. समुद्राचं खारं पाणी माणसाला आधीच वर उचलतं, त्यात पाठीला कॅन. तू तोंडावर पालथी पडलीस. हातपाय झाडतेयस, नाकातोंडात पाणी, देवाचा धावा चाललाय, अण्णांचं नाव घेतेयस. आणि काठावरच्या पोरी ओरडतायत, "मिस, स्टँड अप! मिस, स्टँड अप!"

उभी राहिलीस तर पाणी गुडघ्याएवढं.

"गुडघाभर पाण्यात बुडून मेले असते गं शोभे," असं तू सांगितलंस आणि तो निरोप पुढं दोन मिनिटं नुसता हसण्याचा होता. मी तो पुसला नाही अजून. कालही ऐकला.

तिसऱ्या वर्षी तू धक्क्यापासून प्रवाळाच्या कडेपर्यंत पोहत जात होतीस. आणि त्या सुट्टीत इकडं आलीस तेव्हाचं तर बेलापूर अजून विसरलेलं नाही. भर दुपारी, मळ्यात सगळी माणसं असताना, तू अण्णांच्या विहिरीच्या कठड्यावर चढलीस. अण्णा म्हणाले, "मंगल, खाली उतर, लोकं बघत्यात." तू म्हणालीस, "बघू द्या की. म्हणून तर दुपारी आले." आणि उडी! धप्पकन असा आवाज झाला, वरपर्यंत पाणी उडालं. तू तळाला जाऊन वर आलीस, केस मागं सारलेस आणि विहिरीच्या चार फेऱ्या मारल्यास, आरामात, घरच्या अंगणात फिरावं तशा. अण्णा कठड्याला धरून वाकून बघत राहिले. मग कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं पुटपुटले, "आमच्या कुनालाच इतकं साफ येत न्हाई." दुसऱ्या दिवसापासून गल्लीतल्या पोरी पाठीला डबा बांधून रांगेत. अण्णांच्या दोन्ही नाती सगळ्यात पुढं. अण्णांनी स्वतः डबे आणून दिले.

मीही तेव्हा काठावर होते. तू खालून ओरडलीस, "शोभे, उतर! मी धरते." मी म्हटलं, माझी साडी नवी आहे. तू नुसती पाण्यात उताणी तरंगत माझ्याकडं बघत राहिलीस.

दर सुट्टीला तू आमच्याकडं जेवायला यायचीस आणि दर सुट्टीला ह्यांना धारेवर धरायचीस. ताटावर बसल्या बसल्या सुरू. "काय दाजी, सोडताय का न्हाई माझ्या मैत्रिणीला? का अजून मालकी सोडवत न्हाई?" आणि हे मुकाट भात कालवत बसायचे. मी तुला वाढायच्या निमित्तानं आत पळायचे. स्वयंपाकघरात उभी राहून मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. त्या भल्या माणसानं न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा दर वर्षी माझ्याच ताटावर भोगायची, आणि मी आमटी गरम करतेय! पुढच्या वर्षी सांगू, असं म्हणत तेरा वर्षं गेली. ह्या वर्षी तू पोटदुखी घेऊन आलीस, आणि तीन महिन्यांत सगळं आटोपलं.

शेवटच्या वेळी भेटले तेव्हा ठरवूनच आले होते. तू पलंगावर, हातात सलाईनची सुई, समोर भिंतीला तुझा हातानं काढलेला बेटांचा नकाशा. पाहिलेल्या बेटांवर लाल टिकल्या. मला म्हणालीस, "ह्यो खालचा कोपरा ऱ्हायला बघ." जराही रडवेपणा नाही. जणू पुढच्या शुक्रवारी जायचंच आहे. मी तोंड उघडलं, "मंगे, मला तुला एक..." तेवढ्यात हे आत आले आणि तू त्या अवस्थेत, हात हलवायची ताकद नाही, तरी सुरू झालीस, "या दाजी. आता तरी सोडा." मला हुंदका आला आणि मी बाहेर गेले. हे मात्र आतच बसले. बराच वेळ. मला आतून तुमच्या दोघांच्या हसण्याचा आवाज आला होता. तेव्हा कळलं नाही कशाला हसताय.

परवा कळलं. दहावा आटोपून आम्ही गाडीवरून श्रीरामपूरला येत होतो. कॅनॉलच्या कडेनं आलो तसं मला राहवेना. मागं बसल्या बसल्या ह्यांच्या पाठीला डोकं टेकून मी सगळं सांगून टाकलं. की मी तुमचं नाव घेऊन खोटं बोलले होते, की मंगल तेरा वर्षं तुम्हाला शिव्या घालत गेली त्या माझ्या होत्या. ह्यांनी गाडी बाजूला घेतली, स्टँडवर लावली.

"तिला म्हाईत हुतं," हे म्हणाले.

मी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिले.

"दुकानात आली हुती ना त्या दिशी. गिऱ्हाइकं गेल्यावर मी म्हनलं, ताई, मला तर शोभानं काई इचारलंच न्हाई. तवा ती स्टुलावर टेकली. मग म्हनली, दाजी, तुमी तिला काई बोलू नका. ती भेलीय. तिची तिला लाज वाटंल आन् ती आपनहून सांगंल, तवर मी तुमालाच बोलत ऱ्हाते. चालंल का? मी म्हनलं, बोला की, मला काय, मोटारीचा आवाज ऐकून कान मेलेत माजे."

"म्हणजे तुम्ही दोघं? तेरा वर्षं?"

"शेवटच्या दिशी म्हनली, दाजी, लई चिवट हाय वो तुमची बायको. मी हरले."

मंगे! सटवे! मी कॅनॉलच्या कडेला उभी राहून इतक्या मोठ्यानं रडले की उसाचा ट्रॅक्टर घेऊन चाललेल्या माणसानं थांबून विचारलं, काय झालं वहिनी, पडला का गाडीवरून? मला तुझा राग आला, ह्यांचा आला, माझा तर विचारूच नकोस. आणि त्या सगळ्याच्या खालून, कसं सांगू, हलकं हलकं वाटायला लागलं. तुला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तरी शेजारची जागा रिकामी ठेवून दर शनिवारी सांगत राहिलीस. अशी माणसं मिळतात का गं कुणाला? मला मिळालीस. मी भेकड निघाले तरी मिळालीस.

रडून झाल्यावर पदरानं तोंड पुसलं आणि तिथंच, आयुष्यात पहिल्यांदा, मी ह्यांना विचारलं. "मी मालदीवला शिकवायला जाऊ का?"

हे म्हणाले, "इचारती कशाला? सूटकेस मोकळी कर. गोधड्या भरून ठेवल्यात तिच्यात." मग गाडीला किक मारताना म्हणाले, "तिकडं बोटीच्या मोटारी जळत असतीलच की. सुट्टीत मी बी येईन."

तुझ्या शाळेच्या मोठ्या बाईंचा फोन तुझ्या अण्णांकडं आला होता, सांत्वनाचा. बोलता बोलता त्या म्हणाल्या होत्या, मंगल मिसनी आजारात एक नाव कळवलं होतं, विज्ञानासाठी. नाव कुणाचं ते सांगायला नकोच. आज सकाळी मी त्यांना व्हिडिओ कॉल केला. मुलीला नोकरी लागलीय, माझी स्वेच्छानिवृत्तीची मुदत भरलीय, आता कुणाचं नाव पुढं करायला जागाच उरली नव्हती. ह्या खेपेला भाषण पाठ केलं नव्हतं. अडखळत बोलले. त्यांनी वय विचारलं, अनुभव विचारला, आमच्या शाळेतल्या प्रयोगशाळेबद्दल विचारलं. आणि शेवटी, सगळ्यांनाच विचारत असतील तसं, "कॅन यू स्विम?"

मी म्हटलं, "नो मॅडम. बट आय नो हाऊ टू स्टँड अप."

त्या आधी हसल्या. मग हसता हसता त्यांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले. म्हणाल्या, त्या दिवशी काठावर मीही होते.

दुपारी माळ्यावरून सूटकेस काढली. सहा गोधड्या निघाल्या, त्या उन्हात टाकल्यात. चाकं गंजली नव्हती, जराशी कुरकुरली फक्त. मग अण्णांना फोन लावून तुझा नकाशा मागून घेतला, खालच्या कोपऱ्यासकट. लाल टिकल्यांचं पाकीट माझ्याकडं आहे. आणि उद्या शनिवार, सकाळची शाळा. ती सुटली की मी बेलापूरला जाणार आहे. अण्णांच्या धाकट्या नातीनं डबा तयार ठेवलाय. साडी जुनीच नेसून ये म्हणाली.